तोफेएवढी लेन्स आणि आमचा पाणवठा
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी खुरपता खुरपता मोबाईलवर, कुणी गटाच्या बैठकीत सगळ्या मिळून.

मी उजनी धरणाच्या पाणफुगवट्याच्या काठावर राहते. भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की सासूबाई अजून हात करून दाखवतात, "त्या तिथं आपलं घर होतं." जमीन गेली, पाणी आलं, आणि पाण्यामागून पाखरं आली. हिवाळा लागला की रोहित येतात. कुणी त्यांना अग्निपंख म्हणतं, शहरातली माणसं फ्लेमिंगो म्हणतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. चित्रबलाक असतात, राखी बगळे असतात. आणि या पाखरांच्या मागून येतात कॅमेरेवाले. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही आमच्याकडची नावं आता पुण्या-मुंबईच्या पक्षीवाल्यांना तोंडपाठ आहेत.

ही सगळी हौशी माणसं. कुणी बँकेत नोकरीला, कुणी डॉक्टर, कुणी शाळेतून निवृत्त झालेलं. शनिवारी रात्री निघायचं, पहाटे अंधारात होडीत बसायचं. आमचा बचत गट त्यांना चहा, नाश्ता आणि जेवण देतो. चिलापीचं कालवण, पिठलं, भाकरी, ठेचा. दहा-साडेदहाला ते पाण्यावरून परत येतात. उन्हं तापली की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, रस्त्यावर मृगजळ दिसतं ना तशी, आणि लांबचा फोटो पुसट येतो. म्हणून त्यांचं काम सकाळचंच. मग आमच्या ओसरीवर बसून एकमेकांना कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दाखवायचे आणि लेन्सवरून वाद घालायचे.

एक म्हणायचा, "चारशेत काही होत नाही, सहाशेच पाहिजे." दुसरा म्हणायचा, "सहाशे घेतलीस, पण हात थरथरतोय त्याचं काय?" मला आपलं वाटायचं, रुपयांचं बोलतायत. एवढी तोफेसारखी वस्तू सहाशेला मिळते म्हणजे नवलच! मी तसं बोलूनही दाखवलं. सगळे हसले. मग कळलं, त्यातली साधीसुधी लेन्ससुद्धा लाखाच्या आसपास जाते आणि दोन किलो भरते. मोठ्या लेन्सची किंमत ऐकून तर सासूबाई म्हणाल्या, "दोन म्हशी आणि वर गोठा होईल."

त्यांच्यात एक निवृत्त शिक्षिका येतात. त्या मात्र हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "हातातली एक बांगडी दे, समजावून सांगते." मी काचेची बांगडी काही काढेना. तेव्हा त्यांनी स्वतःचं कडं काढून दिलं. "एक डोळा मीट आणि दुसऱ्या डोळ्याजवळ हे धरून बघ. काय दिसतं?" अख्खं अंगण दिसलं. तुळस, गोठा, दोरीवरची धुणी, सगळं. "आता हात लांब कर आणि त्यातूनच बघ." आता कड्यात उंबऱ्यावरची कोंबडी तेवढी मावली.

बाई म्हणाल्या, "कडं तेच आहे. डोळ्यापासून जितकं लांब नेशील, तितका थोडा भाग त्यात मावतो. तेवढाच भाग फोटोभर पसरला की कोंबडी मोठी दिसते." लेन्सवरचा आकडा हा असा लांबीचा, मिलिमीटरचा असतो. यांच्या कॅमेऱ्यात ५० म्हणजे साधारण आपल्या डोळ्याला दिसतं तसं. ६०० म्हणजे त्याच्या बारा पट. लांबचं टिपणाऱ्या या लेन्सला टेलिफोटो लेन्स म्हणतात. जसं पाखरू बारा पट मोठं दिसतं, तसा हाताचा थरकापही बारा पट दिसतो. म्हणून होडीच्या काठावर पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवतात. आमच्या गटाने जुन्या जीन्सच्या अशा पिशव्या शिवून, आत वाटाणे भरून विकायला ठेवल्या. बऱ्या खपतात.

मोबाईलवर आपण दोन बोटांनी चित्र मोठं करतो, ते वेगळं. काही फोनांत लांबचं टिपायला वेगळी लेन्स असते. पण पुष्कळदा फोन आहे तेच चित्र ताणतो, आणि पोळी फार पातळ लाटली की फाटते, तसं ते चित्र फाटतं.

लांबच्या लेन्सचा फायदा पाखरांना होतो, हे मात्र मान्य केलं पाहिजे. रोहित चिखलात चोच उलटी बुडवून खात असतात. होडी जवळ यायला लागली की आधी एकाची मान वर होते, मग सगळ्यांच्या. खाणं थांबतं. मग सगळे एका दिशेला चालायला लागतात. तरीही होडी पुढे रेटली की पाण्यावरून धावत धावत उडतात. सकाळी पोट भरायच्या वेळेला असं चार वेळा उडवलं तर त्या जिवाने खायचं कधी? ज्याच्याकडे छोटी लेन्स असते तो होडीवाल्याला म्हणतो, "अजून जवळ घ्या, अजून जवळ." लांबची लेन्स असलेला माणूस मागे थांबू शकतो. आमचे होडीवाले आता माना वर झाल्या की वल्हं थांबवतात. कुणी शंभराची नोट जास्त दिली तरी पुढे जात नाहीत.

आता खरी गोष्ट सांगते. ती माझ्या धाकट्या जावेची आहे. तिला विचारून, तिने हो म्हटल्यावर सांगते आहे.

गेल्या वर्षी असाच माघ होता. पहाटे ती पाणवठ्यावर धुणं घेऊन गेली होती. धुकं होतं, वर सूर्य येत होता. ती वाकून उठली, पदर सावरला, आणि तेवढ्यात समोरच्या होडीतून कुणीतरी फोटो काढला. तिला पत्ताही नाही. फोटो खरंच सुंदर होता. काढणाऱ्याने कौतुकाने आपल्या हौशी मित्रांना पाठवला. तिथून तो फिरत फिरत आमच्या गावातल्या मोबाईलवर आला. फोटोत जाऊ होती, आणि तिच्या खांद्याला लागूनच आमच्या गावचा एक मासे धरणारा माणूस उभा दिसत होता. कुणीतरी खाली लिहिलं, "सकाळी सकाळी पाणवठ्यावर काय चाललंय?"

बायांनो, पुढचं मी सांगायला नको. दिराने दोन दिवस तोंड उघडलं नाही. सासूबाई तिला म्हणाल्या, "आता धुणं घरीच धू." ती गटाच्या बैठकीला येईना. मला एवढंच म्हणाली, "वहिनी, तो माणूस माझ्याजवळ नव्हताच हो. तो पार वर जाळं आवरत होता." मी तिच्यावर विश्वास ठेवला. पण खोटं कशाला बोलू, फोटोत तर दोघं शेजारी शेजारी दिसत होती. फोटो कसा खोटं बोलेल, हा प्रश्न माझ्याही मनात होता.

पंधरा दिवसांनी बाई आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि विचारलं, "हा माणूस पुसट का आहे?" माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. जावेच्या लुगड्याचा काठ स्पष्ट होता, धुण्याचा दगड स्पष्ट होता, आणि तो माणूस मात्र जरा धुरकट होता. बाई म्हणाल्या, "लांबच्या लेन्सने जिच्यावर नेम धरला ती स्पष्ट येते. पुढचं-मागचं पुसट होतं. हा तिच्या शेजारी असता, तर तिच्याइतकाच स्पष्ट आला असता."

मग आम्ही दोघी पाणवठ्यावर गेलो. धुण्याच्या दगडापासून जाळं वाळवायच्या खुंट्यांपर्यंत पावलं मोजली. तीस भरली. होडी पाण्यात साधारण दोनशे पावलांवर असणार. बाईंनी हिशोब मांडला. दोनशे पावलांवरून बघणाऱ्याला जाऊ दोनशेवर आणि तो माणूस दोनशे तीसवर. दोघांत फरक तो किती? म्हणून दोघं जवळजवळ सारख्या उंचीची दिसली आणि मधली तीस पावलं दिसलीच नाहीत. तोच फोटो जावेपासून दहा पावलांवर उभं राहून काढला असता, तर ती दहावर आणि तो चाळीसवर. तो तिच्या चौथ्या हिश्श्याएवढा दिसला असता, आणि लांब आहे हे पोरालाही कळलं असतं.

म्हणजे फोटो खोटा नव्हता. पण त्याने मधलं अंतर खाल्लं होतं.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळ्यांसमोर करून दाखवलं. शाळेच्या पटांगणात दोन बायका पंधरा पावलांच्या अंतराने उभ्या केल्या, एकीच्या मागे दुसरी, जराशी बाजूला. आधी चार पावलांवरून मोबाईलने फोटो काढला. मग पार फाटकापर्यंत जाऊन, चित्र ताणून त्याच दोघींचा काढला. पहिल्या फोटोत मागची बाई बाहुलीएवढी. दुसऱ्यात दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या! फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरला. बघायला माझा दीरही आला होता, लांब उभा होता. सासूबाईंनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी धुण्याचं गाठोडं जावेच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चल, मी पण येते."

ज्याने ते वाक्य लिहिलं त्याने ते नंतर पुसलं. माफी काही मागितली नाही. फोटो काढणारा मात्र पुढच्या वेळी आला तेव्हा जावेसमोर खाली मान घालून उभा राहिला. म्हणाला, "ताई, फोटो चांगला आला एवढंच माझ्या डोक्यात होतं." तिने विचारलं, "मग मला का नाही दाखवला?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

हे एकट्या आमच्या गावात होतं असंही नाही. २०२० साली करोनाच्या वेळी डेन्मार्क देशातल्या छायाचित्रकारांनी अशाच जोडफोटोंमधून हे दाखवून दिलं होतं. माणसं तीच, पण लांबच्या लेन्सने दाटी वाटायची आणि दुसऱ्या बाजूने, जवळच्या लेन्सने बघितलं की मधे चांगलं अंतर दिसायचं. तेव्हा गर्दीचा फोटो असो नाहीतर कुणाच्या लेकीचा, तो पुढे पाठवायच्या आधी विचारा, हा काढणारा कुठे उभा होता?

आता आमच्या गटाने जेवायला बसायच्या आधीच पाहुण्यांना सांगायचं ठरवलंय. पाणवठ्याकडे लेन्स वळवायची नाही. घरट्याजवळ जायचं नाही. माणसाचा फोटो विचारून काढायचा, काढला की त्याला दाखवायचा, आणि तो नको म्हणाला तर समोरच पुसायचा. पाखराला विचारता येत नाही, म्हणून त्याच्यापासून लांब राहा. बाईला विचारता येतं, म्हणून तिच्याजवळ येऊन विचारा. बहुतेक पाहुणे हे ऐकतात. एकदा दोघं रागावून उठून गेले. त्या दिवशी बारा भाकऱ्या उरल्या, पण नियम काही आम्ही मोडला नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. अंघोळ करताना, कपडे बदलताना, अशा खासगी वेळी बाईचा चोरून फोटो काढणं किंवा तो पसरवणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. पहिल्यांदा गुन्हा सिद्ध झाला तरी एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. असं कुणाच्या बाबतीत घडलं, तर फोटो पुसून टाकायची घाई करू नका, तो पुरावा असतो. ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे. मुलीला रागवायच्या आधी तिच्या शेजारी बसा.

माझ्या जावेचा तोच फोटो आता आमच्या घरात भिंतीवर आहे. काढणाऱ्याने मोठा करून, चौकट लावून आणून दिला. तिने तो दोन महिने ट्रंकेत ठेवला होता. संक्रांतीला स्वतःच खिळा ठोकला. आल्यागेल्याला दाखवते आणि वर सांगते, "हा मागचा दिसतो ना, तो तीस पावलांवर आहे. मोजून घ्या."

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत दोघींना उभं करून हा खेळ करून बघा. म्हाताऱ्यांना दाखवा, तरण्या पोरांना तर नक्की दाखवा. काय दिसलं ते आम्हाला कळवा.