२५,००० व्होल्टपासून एका व्होल्टपर्यंत

पनवेलला वीज-अभियंत्यांचे संमेलन भरावे आणि अध्यक्षाला विषय मिळावा 'बारावीनंतर इलेक्ट्रिकल की इलेक्ट्रॉनिक्स?' यात आयोजकांचा थोडा मिस्कीलपणा आहे. पुढच्या रांगांमधल्यांचा हा निर्णय केव्हाच झाला. कित्येकांचा तर वडिलांनी परस्पर उरकला. मागच्या रांगांत मात्र पालक मुलांना घेऊन बसलेले दिसतात. हे भाषण त्यांच्यासाठी.

त्यांचा प्रश्न ठरलेला: स्कोप कशाला आहे? प्रस्तुत वक्त्याला त्याचे उत्तर येत नाही, आणि ज्यांना येते त्यांच्यावर त्याचा विश्वास नाही. चार वर्षांनी बाजार कुठे असेल हे कोणी सांगावे? त्यापेक्षा मुलाला घेऊन पनवेल स्टेशनात जावे आणि सीएसएमटीला निघालेल्या लोकलच्या छपराकडे बघावे.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आजचे सीएसएमटी) ते कुर्ला धावली, ती याच हार्बर मार्गाच्या वाटेने. वरच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी. हाच दाब हार्बरवर नव्वदेक वर्षे टिकला आणि २०१६ साली तिथे २५,००० व्होल्ट एसी आले. हा बदल का करावा लागला, याचा हिशेब बारावीचा मुलगाही करू शकतो. गाडीला ३० लाख वॅट लागतात असे धरा. १,५०० व्होल्टला २,००० अँपिअर ओढावे लागतात. २५,००० व्होल्टला पुरतात अवघे १२० (पॉवर फॅक्टर तूर्त बाजूला ठेवू). तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे फरक किती पडला ते त्याने घरी काढावे. हे गणित करताना ज्याचे डोळे चमकतात, त्याने इलेक्ट्रिकलचा विचार करावा. सबस्टेशन, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, अर्थिंग ही त्याची दुनिया.

पण गोष्ट छपरावर संपत नाही. छपरावरच्या पँटोग्राफने तारेतून घेतलेली वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरते, तिची डीसी होते, त्या डीसीची पुन्हा हव्या त्या फ्रिक्वेन्सीची थ्री-फेज एसी होते आणि मग मोटर फिरते. ब्रेक लागला की तीच मोटर जनरेटर होऊन वीज तारेत परत ढकलते. हे सारे घडवतात सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होणारे सेमिकंडक्टर स्विच आणि त्यांना हुकूम देणारा प्रोसेसर. तो हुकूम लिहावासा वाटणाऱ्याची जागा इलेक्ट्रॉनिक्समध्ये. दोन्हींच्या मध्ये पॉवर इलेक्ट्रॉनिक्स बसले आहे. ज्याला निवडता येत नाही, त्याने हा विषय कोणत्या कॉलेजात मन लावून शिकवतात ते आधी शोधावे.

१९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, तेव्हा शाखा निवडण्याचा हा प्रश्नच नव्हता. आज एकाच ऑप्शन फॉर्ममध्ये इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स अशा पाट्या दिसतात. 'नावात काय आहे, पहिले वर्ष तर सगळ्यांचे जवळपास सारखेच' असे सांगणारे सल्लागार भेटतील. ते अर्धेच खरे आहे. खासगी कंपनी मुलाखतीत काम विचारते, पण सरकारी जाहिरात पदवीचे नाव विचारते. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती झाल्या, तरी तारांची आणि उपकेंद्रांची जबाबदारी असलेल्या पदांसाठी इलेक्ट्रिकलच्याच पदवीचा आग्रह असतो. अर्जांची छाननी करणाऱ्या कारकुनाला 'साहेब, विषय तेच होते हो' सांगून उपयोग नाही. पदवीनंतरच्या गेट परीक्षेतही ईई (इलेक्ट्रिकल) आणि ईसी (इलेक्ट्रॉनिक्स) हे पेपर वेगळे आहेत.

कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा फलक शेवटी वाचा. आधी मशीन्स लॅबमध्ये जा आणि विचारा, ही मोटर शेवटची कधी फिरली? पुढे टेबलावरून बोट फिरवा. धुळीइतके प्रामाणिक माहितीपत्रक कोणी छापत नाही. लोणेऱ्याचे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ असो की नवीन पनवेलचे एखादे कॉलेज, ही परीक्षा सगळ्यांना सारखीच लावावी. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांना कमी लेखण्याची एक खोड आपल्याकडे आहे. त्या मुलांनी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे यंत्र, हातात धरलेला असतो. गणित मात्र त्यांना दुसऱ्या वर्षी घाम फोडते, हेही लपवू नये.

दोन्ही शाखा एकत्र नांदताना बघायला दूर जायला नको. याच पनवेलमध्ये २०२० साली योट्टा कंपनीचे डेटा सेंटर उभे राहिले, ७,२०० रॅकचे. अशा इमारतीत उच्च दाबाने वीज शिरते, ट्रान्सफॉर्मरमधून उतरते, यूपीएसमध्ये एसीची डीसी आणि डीसीची पुन्हा एसी होते, आणि सर्व्हरच्या चिपपाशी पोचते तेव्हा उरतो जेमतेम एक व्होल्ट. मात्र त्या एका व्होल्टला चिप शेकडो अँपिअर ओढू शकते, आणि लोकलच्या तारेचेच गणित नखाएवढ्या जागेत नव्याने मांडावे लागते. वाटेत कोणत्या टप्प्यावर एक शाखा संपून दुसरी सुरू होते, यावर चहाच्या वेळी इथेच दोन तट पडतील.

आता एक रोकडी सूचना. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो गोठतो. पुढच्या फेरीत सुधारता येत नाही. 'बघू या मिळते का' म्हणून शेजाऱ्याच्या मुलाची शाखा पहिल्या ओळीत टाकणारे पालक दरवर्षी भेटतात. फॉर्म भरताना माउस मुलाच्या हातात द्यावा आणि आपण सायबर कॅफेच्या बाहेर उभे राहावे.