दाणाभर पेस्ट आणि घरचं पाणी



लहान मुलांना घेऊन दातांच्या दवाखान्यात येणारे आईवडील हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. ‘डॉक्टर, फ्लोराइडची पेस्ट द्यायची की नाही?’ मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं असतं की फ्लोराइड म्हणजे विष, त्यानं मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. टीव्हीवरची जाहिरात नेमकं उलट सांगते. मग कुणी घाबरून पेस्ट बंदच करतं, तर कुणी जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर पेस्ट दीड वर्षाच्या बाळाच्या तोंडात घालतं. नुकसान दोन्हीकडे आहे, म्हणून आज याच विषयावर बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पेस्टचा निर्णय करण्याआधी आपल्या घरचं प्यायचं पाणी कुठून येतं ते पाहा. बाकी सगळं त्यानंतर.

फ्लोराइडची ओळखच मुळी डागाळलेल्या दातांमुळे झाली. 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेले. तिथे जन्मलेल्या कितीतरी मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते. ते घासून जात नव्हते, पण हे दात किडतही कमी होते. कारण सापडायला तीस वर्षं लागली. 1931 मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञांनी अशा गावांमधलं पाणी तपासलं आणि त्यात भरपूर फ्लोराइड मिळालं. पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या मुलांचे दात आणि पाणी ताडून पाहिलं. लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर कीड कमी होते आणि डाग फारसे पडत नाहीत, असं त्यांना दिसलं. त्यावरून 1945 मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली.

आपल्या देशात नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालत नाहीत. उलट कित्येक गावांमध्ये ते पाण्यातून काढावं लागतं. त्यामुळे परदेशातला वाद जसाच्या तसा उचलून इथे आणला की गोंधळ होतो.

पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं की फ्लोराइड पोटात गेलं तरच दात बळकट होतात. आता पक्कं ठाऊक आहे की मुख्य फायदा दातावर बाहेरून लागल्यानं होतो. मुलानं बिस्किट खाल्लं, गोड दूध प्यायलं की तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. त्या आम्लानं दाताच्या वरच्या कवचातला, म्हणजे एनॅमलमधला, चुना थोडा थोडा विरघळतो. लाळ तो परत भरून काढत असते. त्या वेळी लाळेत किंचित फ्लोराइड असेल तर भरून आलेला थर पहिल्यापेक्षा टणक होतो. आता नुकसान कसं होतं ते बघा. हिरडीच्या आत, हाडामध्ये, पक्के दात तयार होत असताना जास्तीचं फ्लोराइड पोटातून रक्तात आणि रक्तातून तिथे पोचलं, तर कवच नीट घडत नाही. दात बाहेर येतो तोच पांढुरक्या रेघा किंवा तपकिरी डाग घेऊन. म्हणजे फायदा होतो तो दातावरून आणि नुकसान होतं ते पोटातून. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

समोरच्या वरच्या पक्क्या दातांना सर्वांत जास्त धोका असतो तो साधारण सव्वा ते अडीच वर्षं वयात. दात दिसतात सातव्या-आठव्या वर्षी, आणि तेव्हा आईला वाटतं की आत्ताच काहीतरी झालं. अक्कलदाढा सोडल्या तर बाकीच्या पक्क्या दातांचं कवच आठव्या वर्षापर्यंत तयार होतं. त्यानंतर फ्लोराइडमुळे दातांवर नवे डाग पडत नाहीत. हाडांची गोष्ट मात्र वेगळी. जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मोठ्यांचीही कंबर आणि सांधे आखडतात.

आता पाणी. मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांना धरणांचं पाणी मिळतं आणि त्यात फ्लोराइड साधारणपणे फार कमी असतं. काळ्या कातळाच्या मुलखात भूजलातही ते बहुधा कमीच. पण यवतमाळ जिल्ह्यातला पांढरकवडा, झरी-जामणीचा भाग, चंद्रपूर, नांदेडमधला किनवटचा पट्टा, बीड, इथल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळलं आहे. पाणी खडकात जितकं खोल आणि जितका काळ मुरतं, तितकं फ्लोराइड त्यात उतरतं. त्यामुळे एकाच गावात एका हातपंपाचं पाणी चांगलं आणि दोनशे पावलांवरच्या बोअरचं वाईट, असंही असू शकतं. भारतीय मानकाप्रमाणे प्यायच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत.

पाण्यातलं फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, त्याला वासही नाही. पाणी तपासूनच कळतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, तपासणीचा अहवाल मागा. नसेल तर प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत, त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून, नमुना भरा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात फ्लोराइड दाट होतं. साध्या कँडलच्या फिल्टरनं जात नाही. हंड्यात तुरटी फिरवल्यानंही जात नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं शोधलेल्या नळगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुनाच वापरतात, पण तिथे त्यांचं माप खूप मोठं आणि मोजून घेतलेलं असतं. घरात आरओ असेल तर त्यानं बरंचसं फ्लोराइड निघतं. नसेल तर निदान लहान मुलांच्या पिण्यासाठी आणि त्यांच्या वरणभाताच्या पाण्यासाठी तपासलेल्या दुसऱ्या विहिरीचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. मुलांच्या पोटात दूध, नाचणी, शेवग्याचा पाला जात राहू द्या. जेवणातलं कॅल्शियम पोटात फ्लोराइडला काही प्रमाणात अडवून धरतं. आणि लहान मुलांना चहा देऊ नका. चहाच्या पानात फ्लोराइड असतंच, आणि जिथे पाण्यातही ते जास्त आहे तिथे दोन्हींची बेरीज होते.

जरा हिशेब करू. आपल्याकडच्या नियमानुसार टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त 1000 पीपीएम फ्लोराइड असू शकतं, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट भरते साधारण एक दशांश ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ मिळून ती सगळी मुलानं गिळली, तरी पोटात जातं 0.2 मिलिग्रॅम. याउलट ज्या बोअरच्या पाण्यात लिटरला 3 मिलिग्रॅम आहे, ते एक लिटर पाणी पोटात गेलं की 3 मिलिग्रॅम गेलं, पेस्टच्या पंधरापट. एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात सगळं मिळून दिवसाला 1.3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी घातलेली आहे. अशा गावातली आई पेस्टला घाबरून बसते आणि तेच पाणी मुलाला पाजत राहते, याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिला हे कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. आणि जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर पेस्ट साधारण एक ग्रॅम धरा. दीड वर्षाचं बाळ थुंकू शकत नाही, बहुतेक गिळतंच. दोन वेळची झाली 2 मिलिग्रॅम. तेव्हा पेस्टही निर्धास्त लावायची गोष्ट नाही.

मग निर्णय काय करायचा? धरणाचं पाणी असेल, किंवा तपासणीत फ्लोराइड एकच्या आत आलं असेल, तर पहिला दात दिसला की फ्लोराइडची पेस्ट सुरू करा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत मटारच्या दाण्याएवढी. ट्यूबवर पीपीएमचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. आकडा नसेल तर त्या पेस्टमध्ये फ्लोराइड नाही असं समजायला हरकत नाही. वनौषधींच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतं. पाणी वाईट असेल तर पहिलं काम पाणी बदलण्याचं. तिथे मूल नीट थुंकायला शिकेपर्यंत बिनफ्लोराइडची पेस्ट वापरावी, असं माझं मत आहे. दात किडायला लागलेच असतील तर मात्र दंतवैद्याला दाखवून, पाण्याचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवून ठरवा.

दात किडायला लागलेत हे ओळखायचं कसं, तेही सांगते. महिन्यातून एकदा बाळाचं डोकं मांडीवर घ्या, खिडकीच्या उजेडाकडे. बोटानं वरचा ओठ हलकेच उचला. वरच्या दुधाच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते का बघा. ती किडीची पहिली खूण असते. या पायरीवर फ्लोराइडनं कीड थांबू शकते, कधी भरूनही येते. पुढे ती रेघ पिवळी-तपकिरी होते, खड्डा पडतो, मग मूल रात्री रडत उठतं. फ्लोराइडचे डाग वेगळे दिसतात. ते बहुधा पक्क्या दातांवर, दोन्ही बाजूंना सारखे, आडव्या पट्ट्यांसारखे असतात आणि दात उगवतानाच दिसतात. 2002-03 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले आढळले होते. दुधाचे दात काय, पडणारच आहेत, असं म्हणून आपण सोडून देतो. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावायचं काम करतात.

पेस्ट कशी लावायची, हेही महत्त्वाचं आहे. ती मोठ्यांनीच लावायची, मुलाच्या हातात ट्यूब द्यायची नाही. पेस्ट ब्रशवर उभी ठेवण्यापेक्षा बोटानं केसांच्या आत दाबून टाका, म्हणजे मूल ती चाटून घेत नाही. घासणंही निदान सहा-सात वर्षांपर्यंत मोठ्यांनीच, दिवसातून दोनदा. रात्रीचं घासणं कधीच चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते. घासून झालं की थुंकायला सांगा, पण भरपूर चुळा भरायला लावू नका. नाहीतर दातावर राहायला हवं ते सगळं वाहून जातं. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवलं, तर कोणतीही पेस्ट ते दात वाचवू शकत नाही. घरात राखुंडी किंवा मिश्री असेल तर मुलाच्या तोंडात तिचं बोटही जाऊ देऊ नका. राखुंडीनं कवच झिजतं आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

फ्लोराइडच्या गोळ्या आणि थेंब काही देशांत मिळतात. परदेशातला भाऊ किंवा बहीण ते पाठवते आणि इथली आई विचारते, देऊ का? देऊ नका. हे पोटात जाणारं फ्लोराइड आहे आणि आपल्याला हवं आहे दातावर लागणारं. 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही लहान मुलांसाठीच्या अशा गोळ्या-थेंबांवर लगाम आणायला सुरुवात केली. दंतवैद्य सहा-सहा महिन्यांनी दातांना लावतात ते फ्लोराइडचं वार्निश वेगळं. ते तीव्र असतं, पण अगदी थोडं लागतं आणि दातालाच चिकटून राहतं. किडीची लक्षणं असलेल्या मुलाला ते जरूर लावून घ्या.

राहिला मेंदूचा प्रश्न. ही भीती कुणी हवेतून काढलेली नाही. 2024 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा अहवाल आला. पाण्यातून लिटरला 1.5 मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड पोटात जाणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक चाचणीत कमी भरतो, असा संबंध त्यांना मध्यम खात्रीनं दिसला. ते अभ्यास अमेरिकेबाहेरच्या देशांतले होते. त्याहून कमी प्रमाणाबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. तो अहवाल दाणाभर पेस्टबद्दल नाही, तो आपल्या किनवट-पांढरकवड्याच्या बोअरसारख्या पाण्याबद्दल आहे. मोबाइलवरच्या निरोपात नेमकं हेच गाळलेलं असतं.

शेवटी एक अडचणीच्या वेळेची गोष्ट. मुलानं कधी ट्यूब पिळून पेस्ट खाल्ली, तर किती खाल्ली ते ट्यूबकडे पाहून अंदाज घ्या. थोडीशी असेल तर कपभर दूध पाजा. दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवतं. पोटात मळमळ होईल, एखादी उलटी होईल. पण मूल दहा किलोचं असेल आणि पन्नास ग्रॅमची अर्धीअधिक ट्यूब पोटात गेली असेल, किंवा उलट्या थांबत नसतील, मूल मलूल झालं असेल, तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता दूध पाजून लगेच जवळच्या रुग्णालयात न्या आणि ती ट्यूब सोबत घेऊन जा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पीपीएमचा आकडा वाचता येईल.