मोज्यांचा महिमा

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांच्या छंदांविषयीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी नाट्यसंगीत, नाणेसंग्रह असे भारदस्त विषय मांडले. माझा विषय अगदीच पायाशी लोळण घेणारा आहे. मी बोलणार आहे पायमोज्यांवर. घरी हे सांगितले तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "पंधरा मिनिटं मोज्यांवर? लोक उठून प्रसादाच्या रांगेत उभे राहतील!" तेव्हा रांग लागायच्या आत आटोपते घेतो.

डिप्लोमा करून मी रेल्वेत लागलो. काम रुळांच्या देखभालीचे, म्हणजे नोकरीच पायांची. चाळिशी ओलांडल्यावर डोंगरवाटांवर लांब पल्ल्याचे धावणे सुरू केले. याला ट्रेल रनिंग म्हणतात. डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल साधारण सारखे पडते. पायवाटेवर मात्र दगड, मुरूम, चढ, उतार, ओढा असे सगळे असल्याने एकही पाऊल दुसऱ्यासारखे पडत नाही.

"दिल्लीत कुठले आले डोंगर?" असे नवीन आलेली मंडळी विचारतात. अहो, जगातल्या अतिप्राचीन पर्वतांपैकी एक, अरवली, आपल्या दाराशी आहे. गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान एके काळी दगडाची खाण होते. २०१० पासून तिथे लोकसहभागातून पुन्हा देशी झाडांचे रान उभे राहिले आणि २०२२ मध्ये त्याला देशातील पहिले ‘ओईसीएम’ क्षेत्र, म्हणजे अभयारण्याबाहेरचे पण निसर्गरक्षणाचे काम करणारे क्षेत्र, असा मान मिळाला. आमचा सराव तिथल्या मोकळ्या वाटांवर चालतो. असोला-भट्टी हे अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय घुसू नये. आणि आम्हा मराठी धावपटूंची पंढरी म्हणाल तर ती पुण्याजवळची सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरवाटेवरची शर्यत. पन्नास किलोमीटरच्या आसपासच्या अंतरात तीन किल्ले येतात.

आता साधा हिशेब करू. डोंगरात पाऊल मीटरभराचेही पडत नाही. म्हणजे पन्नास किलोमीटरला निदान पन्नास हजार पावले झाली, एका पायाच्या वाट्याला पंचवीस हजार. त्या प्रत्येक पावलाला कातडी आणि बूट यांच्या मधे असतो फक्त मोजा. शर्यत अर्धवट सोडणाऱ्यांत दम संपलेले असतात, तसेच दम शाबूत असून तळवे सोललेलेही असतात. वर्षभराचा सराव रुपयाएवढ्या एका फोडापायी फुकट जातो.

फोड येतो कसा? घासून घासून कातडी झिजते आणि फोड येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. इथे माझ्या रेल्वेच्या सहकाऱ्यांना एक दाखला देतो. चाक रुळावरून जाते तेव्हा सर्वांत मोठा कातर ताण, ज्याला आपण शिअर म्हणतो, तो रुळाच्या पृष्ठभागावर नसतो, किंचित आत असतो. म्हणून काही तडे आतच सुरू होतात, वरून रूळ चकचकीत दिसतो आणि ते शोधायला आपल्याला अल्ट्रासॉनिक यंत्र न्यावे लागते. पायाचे तसेच आहे. आतले हाड पुढे-मागे सरकते, वरची कातडी मात्र मोज्याला आणि बुटाला चिकटून जागीच राहते. ताण मधल्या थरांवर येतो. तो हजारो वेळा आला की कातडीचे थर आतल्या आत सुटतात आणि त्या फटीत पाणी भरते. तोच फोड.

यावरून मोज्याचे काम कळते. स्लीपर आणि रूळ यांच्यामध्ये आपण रबराचे पॅड घालतो, ते धक्का आणि सरक स्वतःवर घेते. मोज्यानेही तेच करायचे. कातडीची सरक त्याने स्वतःत जिरवायची.

दुसरा शत्रू ओल. ब्रिटिश संशोधक नेलर यांनी १९५५ साली दाखवून दिले की ओलसर कातडीचे घर्षण कोरड्या कातडीपेक्षा जास्त असते. घामाने भिजलेला पाय मोज्याला अधिक घट्ट चिकटतो आणि आतला ताण वाढतो. आता धाग्यांचे बघू. वस्त्रोद्योगात ठरावीक दमटपणात कुठला धागा किती ओल धरतो याचे आकडे आहेत. सूत सुमारे ८ टक्के, लोकर १६, नायलॉन ४ आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मग लोकर सर्वांत वाईट का? नाही! लोकर ही ओल धाग्याच्या पोटात घेते, म्हणून कातडीला ती कोरडी वाटते आणि भिजली तरी तिचा फुगीरपणा बराचसा टिकतो. सूत भिजले की बसते, जड होते, त्याला सुरकुत्या पडतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सुती मोजा म्हणजे चिखल भरलेली खडी, त्यातून पाण्याचा निचरा होत नाही. लोकर म्हटल्यावर घाबरू नका. आजीने विणलेली टोचरी लोकर ही नव्हे. मेरिनो मेंढीची लोकर फार बारीक असते, ती टोचत नाही. बाजारात बहुधा मेरिनो, नायलॉन आणि थोडे ताणणारे इलॅस्टेन अशी मिसळ मिळते. नायलॉन टिकाऊपणा देतो, नाहीतर टाच महिन्याभरात बाहेर डोकावू लागते.

पण केवळ धाग्याच्या नावावर जाऊ नका. १९९० मध्ये हेरिंग आणि रिची या अमेरिकन संशोधकांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंना सुती आणि अ‍ॅक्रिलिक मोजे घालून पाहिले. अ‍ॅक्रिलिकमध्ये फोड कमी आले आणि लहान आले. १९९३ मध्ये त्यांनीच साध्या गादीचे मोजे घेऊन पुन्हा तपासले, तेव्हा तसा फरक दिसला नाही. म्हणजे धाग्याइतकीच विणही महत्त्वाची. १९९६ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलातील नवशिक्या जवानांवर प्रयोग झाला. आत पॉलिस्टरचा पातळ मोजा आणि बाहेर लोकर-पॉलिप्रॉपिलीनचा जाड मोजा घातलेल्यांना फोड कमी आले. सरक दोन मोज्यांच्या मधे होते आणि कातडी वाचते, असे त्यामागचे तत्त्व. दुहेरी थराचे मोजे याच तत्त्वावर विकले जातात.

बोटांच्या बेचक्यांत फोड येणाऱ्यांसाठी हातमोज्यासारखे पाच बोटांचे मोजे मिळतात. दिसायला माकडाचे पाय, पण बोट बोटाला घासत नाही. मात्र ते जागा जास्त खातात. बूट चवड्यात अरुंद असेल तर उपायच अपाय ठरेल.

शिवण हा तिसरा मुद्दा. थंडीत उन्हात बसून विणकाम करणाऱ्या भगिनींना ‘किचनर स्टिच’ ठाऊक असेल. मोज्याचे टोक उंचवटा न ठेवता बंद करण्याची ही पद्धत. हे तेच लॉर्ड किचनर, जे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. आपल्या सरदार पटेल मार्गाचे जुने नाव किचनर रोडच. सैन्याच्या पायांनाही बोटांवरची शिवण बोचत असे, एवढे त्यावरून समजावे. दुकानात मोजा उलटा करून बोटांच्या शिवणीवरून अंगठा फिरवा. जी हाताला लागते ती पायाला तिसाव्या किलोमीटरला नक्की लागेल.

आपल्या भागाची वेगळी तऱ्हा म्हणजे धूळ. सह्याद्रीत पावसाळ्यात पाणी पाय सोलते, अरवलीत बारीक रेती सॅंडपेपरचे काम करते. त्यात सराट्यांचे काटे आणि आता, गणपतीनंतर वाळू लागलेल्या गवताची कुसळे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते म्हणतात, पण स्वतःच्या मोज्यातले शोधायला चष्मा लागतो! म्हणून घोट्याच्या वर चार बोटे येणारा, घट्ट विणीचा मोजा घ्या. घोट्याखालचे आखूड मोजे मॉलमध्ये फिरायला ठीक.

मी वहीत नोंदी ठेवून सहा प्रकारचे मोजे तपासले. बूट तेच, वाट तीच, अंतर पंधरा किलोमीटर, बदलायचा फक्त मोजा. प्रत्येक प्रकार उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि जानेवारीच्या पहाटे वापरला. माझ्या पायांना पातळ मेरिनो-मिश्रणाचे पाच बोटांचे मोजे मानवले. माझ्या जोडीदाराला तेच अजिबात चालले नाहीत, त्याला दुहेरी थर लागतो. म्हणून मी कुठल्याही कंपनीचे नाव घेत नाही. पद्धत मात्र घ्या. टाचेचा खोलगट भाग बरोबर टाचेवर बसला पाहिजे. बूट घेताना धावायचेच मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना घ्या. शर्यतीच्या दिवशी नवा जोड कधीही नाही, दोन-तीनदा धुऊन, त्यावर लांब पळून झालेला हवा. पिशवीत एक कोरडा जोड ठेवा, आणि निम्म्या वाटेवर पाय पुसून बदला. चोळण्याच्या जागी आधीच व्हॅसलीन किंवा कागदी चिकटपट्टी लावा. पाय चुरचुरला की लगेच थांबा. पाच मिनिटे जातील, शर्यत वाचेल. आणि मोजे उलटे करून धुवा, सावलीत वाळवा.

आता थोडे गंभीर बोलतो. हे सगळे धावणाऱ्यांचे चोचले नाहीत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांचे पाय चोळणारी, चपला शिवून देणारी माणसे पुण्य कमावतात, कारण चालणाऱ्याचे सर्वस्व पायात असते, हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे. आमचा कीमन रोज आपला संपूर्ण टप्पा पायी तपासतो, जाताना एका रुळाकडून, येताना दुसऱ्या. खडीवरून, बाराही महिने. त्याला कुणी पदक देत नाही.

माझ्या माहितीतल्या अशाच एका कीमनला मधुमेह होता. या आजारात पायाची संवेदना हळूहळू कमी होते. अंगठ्याखाली फोड आला, फुटला, चिघळला, पण त्याला दुखलेच नाही. मोजे काळे होते, त्यामुळे रक्तही दिसले नाही. मुलीने धुवायला घेतले तेव्हा बादलीतले पाणी लाल झाले. डॉक्टरांनी पाय वाचवला, अंगठा गेला. उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्या सुखरूप जाव्यात म्हणून तडे शोधणारा माणूस, आणि स्वतःच्या पायातला तडा त्याला कळला नाही. त्या दिवसापासून माझ्या हाताखालच्या मंडळींना मी आठवड्यातून एकदा बूट काढायला लावतो. आधी हसायचे, आता स्वतःहून काढतात.

या सभागृहात साखर सांभाळणारी मंडळी कमी नाहीत, मोदकाकडे बघून हात आखडणारे मला इथूनच दिसत आहेत. त्यांच्यासाठी मोजे पांढरे किंवा फिकट हवेत, शिवण नसलेले हवेत, वरचे इलॅस्टिक पायावर वळ उठवणारे नको. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा. फोड दिसला तर घरी सुई लावू नका, डॉक्टरकडे जा. आईवडील गावाकडे असतील तर पुढच्या फोनवर तब्येतीबरोबर पायांचीही चौकशी करा. इकडे आणून ठेवले असतील तर आज रात्री त्यांचे पाय हातात घेऊन बघा. नमस्काराला वाकतोच ना आपण, तेव्हा क्षणभर जास्त थांबायचे.

ज्यांना अरवलीत यायचे आहे त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. दर रविवारी पहाटे निघतो. वेगाची अट नाही, चालत आलात तरी चालेल. मोजे मात्र मी तपासणार.

रांग अजून लागलेली दिसत नाही, म्हणजे सौ. हरल्या. गणपती बाप्पा मोरया!