उच्चारांची उतरंड

(पवनी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीचा विषय निघाला की समाजवादी कार्यकर्त्याची पंचाईत होते. डॉ. राममनोहर लोहियांची ‘अंग्रेजी हटाओ’ची भूमिका त्याच्या मनात पक्की असते, आणि शेतमजुराचा मुलगा तर ‘इंग्रजी शिकवा’ म्हणून दाराशी उभा असतो. परंतु ही पंचाईत खोटी आहे. लोहियांचा विरोध राज्यकारभार, न्यायदान आणि शिक्षणाचे माध्यम यांवरील इंग्रजीच्या सत्तेला होता, परभाषा शिकण्याला नव्हता. त्यांनी स्वतः बर्लिनमध्ये जर्मन आत्मसात करून डॉक्टरेट मिळवली. त्याच्या कितीतरी आधी, १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त सावित्रीबाई फुल्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याची हाक दिली होती. मक्तेदारी मोडायची आणि विद्या मिळवायची, ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत.

पवनी तालुक्याला हे वेगळे सांगावे लागू नये. गोसेखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली आणि पुढे वैनगंगेकाठच्या अनेक गावांची शेते, घरे पाण्याखाली गेली. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याच्या कारभारात मराठी आली. पण राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमान्वये उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालते. तेथे शब्दाचा अर्थ चुकला तर हक्क चुकतो. शाळेत ‘अवॉर्ड’ म्हणजे बक्षीस असे शिकलेल्या मुलाला भूसंपादनाच्या कागदात तोच शब्द निवाडा या अर्थाने येतो हे कोणी सांगितलेले नसते. ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड, एवढेच त्याला ठाऊक असते. त्या कागदांत मात्र तो कधी व्याज असतो, कधी हितसंबंध.

म्हणून शब्दसंग्रह वाढवणे म्हणजे शब्दकोश पहिल्या पानापासून घोकणे नव्हे. डाक्क्यात बंगाली मुलांना शिकवण्याच्या कामातून अनुभव घेतलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य मजकुराचा फार मोठा भाग एवढ्याच शब्दांनी बनतो, हे त्यामागचे तत्त्व. रोज पाच शब्द वाक्यासह आणि मराठी अर्थासह वहीत उतरवले, आठवड्याने व महिन्याने पुन्हा वाचले, तर सव्वा वर्षात तो पाया पुरा होतो. शिवाय विद्यार्थी रित्या हाताने येत नाही. स्टँड, तिकीट, बिल, नोटीस, पंप, पाईप हे शब्द त्याच्या तोंडी आहेतच. त्यांना फक्त इंग्रजी स्पेलिंगची आणि उच्चाराची ओळख करून द्यायची आहे.

खरा अडथळा उच्चारापाशी येतो; आणि तेथे भाषेपेक्षा अपमानच अधिक आडवा येतो. या भागातील झाडीबोलीत ण, ळ, छ, श, ष ही व्यंजने नाहीत. पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो, शेत ‘सेत’ होते. एवढ्यावरून वर्गात हसू उसळते आणि मुलगा कायमचा गप्प होतो. वस्तुतः या पाच व्यंजनांपैकी इंग्रजीला स्वतंत्र वर्ण म्हणून गरज आहे ती एकट्या ‘श’ची! ज्या ‘ण’ आणि ‘ळ’साठी त्याला हिणवले गेले, ते इंग्रजीत मुळी लागतच नाहीत. राहिलेला ‘श’ शिकवणे सोपे आहे: ‘स’ म्हणताना जीभ दातांमागे असते, ती थोडी मागे न्यावी, ओठ किंचित पुढे काढावेत. ‘सिप’ आणि ‘शिप’ ही जोडी मोठ्याने म्हणवून घ्यावी. ‘व’च्या दोन इंग्रजी उच्चारांसाठीही असेच सांगावे: एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात. आणि आघात विसरू नये: ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. मराठीत आघाताने सहसा अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत चुकला तर ऐकणाऱ्याला शब्दच उमगत नाही.

म्हणजे कसोटी एकच: समोरच्याला कळले की नाही. लंडनच्या उच्चवर्गाची नक्कल हे ध्येय असू शकत नाही. शुद्धतेच्या नावाने उच्चारांची उतरंड रचणारे आपल्याकडे पूर्वापार आहेत. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला. तेथील ब्राह्मी लेखांची भाषा लोकांची प्राकृत आहे. बहुतेक प्राकृतांत श, ष, स मिळून एकच ‘स’ उरला होता. ज्या उच्चाराला आज हसतात, त्याच्या भाईबंद भाषेत या भूमीतील माणसांनी आपले दान दगडावर कोरून ठेवले.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्षे वाढली, पण शब्दाची भीती गेली नाही. आणि त्या भीतीवर खाजगी शाळांची व शिकवण्यांची दुकाने चालतात. ‘इंग्रजी हटवा’ म्हणणाऱ्यांनी निकराने म्हणत राहावे, न्यायालयात मराठी येईपर्यंत म्हणावे. पण त्याचबरोबर कार्यकर्त्यांनी गावोगावच्या समाजमंदिरात संध्याकाळी एक तास बसावे: एक फळा, पाच शब्द, मराठीतून अर्थ, आणि कोणी कोणाला हसायचे नाही हा एकच नियम. मोबदल्याचा कागद ज्या दिवशी शेतमजुराची मुलगी स्वतः वाचून बापाला मराठीत समजावून देईल, त्या दिवशी इंग्रजीची मक्तेदारी पवनीपुरती तरी सुटू लागली असे समजावे.