यादी कोण करतं?
(वार्षिक सभेतील भाषण)



गेल्या थंडीत पाड्यावर घोंगड्या वाटताना एका आजीने मला विचारले, “दादा, ही यादी कोण करतं?” मी म्हणालो, “आमची समिती.” ती म्हणाली, “आमच्यातलं कोण आहे तिच्यात?” मी गप्प राहिलो. आजींचा प्रश्न अजून मनातून जात नाही.

ब्राझीलचे शिक्षक पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंजिकोस येथे सुमारे ३०० शेतमजुरांना साधारण ४० तासांच्या वर्गांतून लिहायला-वाचायला शिकवले. ‘वीट’ यासारखा रोजच्या कामातला शब्द घ्यायचा, बाराखडीसारखी त्याची फोड करायची आणि त्यावरून आपल्या जगण्याविषयी बोलायचे, अशी त्यांची रीत होती. त्या काळी तिथे निरक्षरांना मत नव्हते. म्हणून हे वर्ग सत्तेला खुपले. १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली. फ्रेरे तुरुंगात गेले, मग परागंदा झाले. पुढे १९७० पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी जिनिव्हात चर्चेसच्या जागतिक परिषदेत शिक्षणाचे काम केले.

त्यांचे म्हणणे आपल्याला टोचणारे आहे. अन्याय जसाच्या तसा ठेवून केलेले दान हे खोटे औदार्य होय. गरीब माणूस म्हणजे आपण भरायचे रिकामे भांडे नव्हे. आपली स्थिती का अशी, हे त्याने स्वतः ओळखावे आणि इतरांच्या सोबतीने ती बदलावी.

हे आपल्याकडेही घडले आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावात लोक अभ्यासगटात बसून कायदा समजून घेतात आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांनी दावा केला आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

घोंगड्या थांबवा, असे मी म्हणत नाही. थंडी थांबत नाही. पण यंदाची यादी पाड्याने बसून करावी, आपल्या समितीत पाड्यावरची माणसे असावीत, आणि त्यांनी आपला हिशेब विचारला तर आपल्याला राग येऊ नये, एवढे मी मागतो.

आजींना उत्तर द्यायला मला पुन्हा त्या पाड्यावर जायचे आहे. या वेळी रिकाम्या हाताने गेलो तरी चालेल, पण उत्तर घेऊन जायचे आहे.