गुंगेरियाचे बैल, फ्रान्सचे पक्षी



१८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून धातूचे तुकडे सापडले. खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. हत्यारांचेच वजन सुमारे ३७६ किलो! चांदीच्या पत्र्यांत काही गोल चकत्या होत्या, तर काहींना बाकदार शिंगांच्या बैलाच्या मुखाचा आकार होता. ही कला हजारो वर्षांपूर्वीची.

ज्या शतकात हा ठेवा उजेडात आला, त्याच शतकात फ्रान्समध्ये प्राणिशिल्पाला बहर आला होता. आंत्वान लुई बारी यांनी वाघ-सिंह घडवले. ज्यूल म्वानिए पक्ष्यांमध्ये रमले. म्वानिए यांची शिल्पे कांस्याची, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची. वाळूच्या साच्यात रस ओतायचा, सुटे भाग जोडायचे, मग छिन्नीने एकेक पीस कोरायचे. गुंगेरियात मात्र चांदी ठोकून पातळ केलेली.

रीत वेगळी, पण प्राण्याकडे निरखून पाहणारी नजर दोन्हीकडे आहे. गुंगेरियाच्या ठेव्यातल्या काही वस्तू नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजबबंगल्यात आहेत. मुलांना ही आपल्या बालाघाट जिल्ह्याची गोष्ट जरूर सांगा, आणि शेतात जुना धातू सापडला तर वितळवू नका, प्रशासनाला कळवा.