भिंतीआडचा कर्जदार

अमेरिकेत कैद्यांच्या शिक्षणाचा विषय निघाला की 1994 सालापाशी थांबावंच लागतं. त्या वर्षी क्लिंटन यांच्या सहीने झालेल्या गुन्हेगारीविरोधी कायद्याने कैद्यांचं पेल अनुदान बंद केलं. गरीब घरच्या विद्यार्थ्याला सरकारकडून मिळणारी ही मदत परत फेडावी लागत नाही. ती गेली आणि तुरुंगांतले कॉलेजचे वर्ग एकामागून एक बंद पडले. 2015 मध्ये ओबामा सरकारने प्रयोग म्हणून दार किलकिलं केलं. पुढे संसदेने बंदी उठवली आणि 1 जुलै 2023 पासून कैदी पुन्हा पात्र ठरले.

एक अट मात्र आहे. जुनं सरकारी शैक्षणिक कर्ज बुडीत निघालेलं असेल, तर अनुदान नाही. साधारण 270 दिवस हप्ता चुकला की कर्ज बुडीत धरतात, आणि माणूस गजाआड गेला म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत. कमाई नसेल तर हप्ता शून्यावर आणणारी सरकारी योजना आहे. पण तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, दरवर्षी उत्पन्न कळवावं लागतं. म्हणजे पैशाच्याही आधी इथे अडतं ते माहितीपाशी. आपलं कर्ज किती, कुणाकडे, कोणत्या अवस्थेत, एवढं तरी कळायला हवं ना?

ते कसं कळावं, बघा. कर्जाचा हिशेब सरकारी संकेतस्थळावर आहे. तिथे खातं उघडायचं तर ओटीपी येणार मोबाइलवर किंवा ईमेलवर, आणि कोठडीत मोबाइल सापडणं हाच गुन्हा. बरं, हप्त्यांचा व्यवहार बघणाऱ्या कंपनीला फोन करावा, तर बऱ्याच तुरुंगांतून टोल-फ्री क्रमांक लागतच नाहीत. केंद्र सरकारच्या तुरुंगांत एक फोन साधारण 15 मिनिटांत तुटतो. ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ करत रांगेत थांबण्यातच ती मिनिटं सरतात. शिवाय फोन ध्वनिमुद्रित होतो, त्यावर आपला सामाजिक सुरक्षा क्रमांक मोठ्याने सांगायचा. आईने किंवा बायकोने बाहेरून चौकशी केली, तर लेखी अधिकारपत्राशिवाय कंपनी त्यांच्याशी बोलत नाही.

राहिलं टपाल. थकबाकीची पत्रं जातात जुन्या पत्त्यावर, जिथे आता दुसरंच कुणी भाडेकरू असतं. पेनसिल्व्हेनियात तर कैद्यांचं खासगी टपाल आधी बाहेरच्या एका कंपनीकडे जातं, तिथे त्याच्या प्रती निघतात, आणि कैद्याच्या हाती ती प्रत पडते. अशा वाटेने येणारं पत्र मुदतीत पोचेलच, याची खात्री कुणी द्यायची?

मुदत हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. 2022 मध्ये ‘फ्रेश स्टार्ट’ नावाची सवलत जाहीर झाली. बुडीत कर्जदाराला एका फोनने किंवा पत्राने पुन्हा नियमित होता येत होतं, आणि तीत कैदीही होते. 2024 च्या शरदात ती संपली. जे वर्तमानपत्र वाचू शकत होते, ज्यांच्या तुरुंगात कॉलेजचा एखादा कळकळीचा समन्वयक होता, त्यांनी ती साधली. बाकीच्यांपुढे आता जुने मार्ग उरलेत. त्यांतला एक म्हणजे दहा महिन्यांत नऊ हप्ते वेळेवर भरणं. हप्ता कमीत कमी 5 डॉलरचा ठरू शकतो. केंद्रीय तुरुंगात साफसफाईसारख्या कामाला तासाला 12 सेंटपासून मजुरी मिळते. त्या दराने एका हप्त्यासाठी चाळीसहून अधिक तास राबावं लागतं. टेक्सासमध्ये तर बहुतेक कामांना मजुरीच नाही.

मला राग येतो तो इथे. केंद्रीय तुरुंगात कर्ज देणारं आणि कोंडून ठेवणारं सरकार एकच आहे. माणूस कुठे आहे हे त्याला रोज मोजणीच्या वेळी कळतं, तरी कर्जदार म्हणून तो ‘संपर्काबाहेर’ राहतो! तुरुंगात दाखल होताना आजार विचारतात, नातेवाइकांचे पत्ते विचारतात. त्याच फॉर्मवर शैक्षणिक कर्जाचा एक प्रश्न घाला, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला शून्य हप्त्याचा कागदी अर्ज त्याच आठवड्यात हातात द्या.